उत्तम आणि आवडते

शहरातला सर्वांत उत्तम हॅम्बर्गर कोठे मिळतो, हा वाद अमेरिकेत गावोगाव रंगतो. पण उत्तम म्हणजे काय? न्यू हेवन येथे १८९५ साली निघालेले ‘लुईज लंच’ हे लहानसे उपाहारगृह आहे. तेथे बिडाच्या उभ्या शेगडीत भाजलेले गोमांस पावाच्या दोन भाजक्या कापांत घालून देतात. चीज, कांदा, टोमॅटो मिळतो. केचप मागूनही मिळत नाही. पैसे गिऱ्हाइकाचे, तोंड गिऱ्हाइकाचे. मग हा उद्धटपणा नव्हे काय? मला त्यात कारागिराची निष्ठा दिसते. उत्तमाच्या शोधात निघणाऱ्याला आपली आवड घटकाभर उंबऱ्याबाहेर ठेवावी लागते. नाही तर तो गावभर हिंडतो आणि अखेर स्वतःचीच चव घेऊन घरी परततो.