आडनावावरून मत ओळखता?

तुमचा प्रकल्प मी दोनदा वाचला. मतदानाचा नकाशा देखणा आहे, रंग नीट भरलेत. पण त्याखालचं एकही वाक्य तुम्ही तपासलेलं नाही, आणि ते मी तसंच जाऊ देणार नाही. ‘मुकुंदनगर एकगठ्ठा, सावेडी उदासीन, केडगाव जातीवर.’ नगरच्या तीन वस्त्या, तीन शिक्के! राज्यशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला बसून तुम्ही टपरीवरच्या गप्पा तक्त्यात भरल्यात.

तक्त्यातले जातींचे टक्के आणले कुठून? शेवटची जनगणना २०११ची. तिच्यात अनुसूचित जाती-जमाती सोडल्या तर जातवार मोजणीच नाही. मग मतदार यादीतली आडनावं मोजली, असं तुमच्यातल्या एकानं खाली मान घालून सांगितलं. अरे, सुशीलकुमार शिंदे ढोर समाजातले, एकनाथ शिंदे मराठा, आपल्या चौंडीचे राम शिंदे धनगर. ज्या अहिल्यादेवींचं नाव जिल्ह्याला दिलंय, त्यांचं माहेरचं आडनावही शिंदेच. पवार, गायकवाड, जाधव हे तुम्ही कोणत्या रकान्यात कोंबलेत? नगरमध्ये वाढलेल्या मुलांना हे सुचू नये याचा मला संताप येतो.

बरं, टक्के खरे धरू. १३ मे २०२४ला लोकसभेचं मतदान झालं. नगरमधून नीलेश लंके आणि शिर्डीतून भाऊसाहेब वाकचौरे, दोन्ही जागा महाविकास आघाडीच्या. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं, आणि याच जिल्ह्यातल्या बारापैकी दहा जागा महायुतीनं घेतल्या. संगमनेरला बाळासाहेब थोरात पडले. त्या सहा महिन्यांत कोणत्या गल्लीची जात बदलली? कोणत्या वाड्याचा धर्म बदलला? वस्ती तीच, माणसं तीच, निकाल उलटा. तुमच्या तक्त्यात याला जागाच नाही, कारण उमेदवार, कांद्याचा भाव, लाडकी बहीण, पाण्याची पाळी, यातलं काहीच तुम्ही विचारलं नाहीत.

फॉर्म २० मध्ये केंद्रनिहाय मतं मिळतात. केंद्राची मिळतात, माणसाची नाही. शितावरून भाताची परीक्षा होते. तुम्ही भाताचं पातेलं पाहून एकेका शिताची चव सांगायला निघालात. १९५० साली विल्यम रॉबिन्सननं अमेरिकेच्या जनगणनेवरून दाखवलं होतं की ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथं साक्षरताही जास्त दिसते. पण माणसागणिक पाहिलं तर तेच स्थलांतरित साक्षरतेत मागे. ते फक्त साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते. वर्गात मी हे शिकवलं तेव्हा तुम्ही वहीत उतरवूनही घेतलंत.

आणि मतदानाचा टक्का! कमी टक्का म्हणजे उदासीनता, हे कुणी सांगितलं? भागाकारात खालचा आकडा यादीचा असतो. सावेडीच्या एखाद्या सोसायटीत मुलगा पुण्याला नोकरीला गेला, आजोबा वारले, नावं तशीच राहिली. नाव वगळायचा फॉर्म ७ कुणी भरला नाही. घरात बसून राहिलेले वेगळे आणि यादीत नुसते उरलेले वेगळे. पहिल्यांना जाब विचारा, जरूर विचारा, पण आधी वेगळे तर करा.

पाथर्डी आणि जामखेडबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते मला सर्वांत जास्त लागलं. ‘दुर्गम भागात राजकीय जाणीव कमी.’ २०२४चा उसाचा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू करायचं ठरलं होतं, मतदान पाच दिवसांनी होतं. ऊसतोडीची उचल घेतलेली इथली कोयत्याची जोडी मुकादमाच्या टोळीबरोबर निघाली, की ती कुठल्यातरी फडाशेजारच्या कोपीत असते, गावच्या केंद्रावर नसते. परत यायचं तर मजुरी बुडते, गाडीभाडं कोण देणार? त्यांची जाणीव कमी नाही, त्यांचं मत वाटेत अडकतं. कर्जत-जामखेडचा निकाल १,२४३ मतांनी लागला. एवढ्या फरकाच्या मतदारसंघात गैरहजर माणसाला अडाणी म्हणून निकालात काढता?

हे नुसत्या गुणांचं प्रकरण नाही. मतपत्रिका होत्या तेव्हा अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजता येत. यंत्रांमुळे प्रत्येक गल्लीचा कल उघडा पडतो. अनेक यंत्रांची मतं एकत्र मोजणारं टोटलायझर निवडणूक आयोगानं २००८मध्ये सुचवलं, विधी आयोगानं २०१५च्या अहवालात पाठिंबा दिला, तरी ते आलं नाही. आपल्याला मत न देणाऱ्या गल्लीचा रस्ता आणि नळ मागे ठेवायला एखाद्याला असाच तक्ता पुरतो, आणि तो तुम्ही आयता रंगवून दिलात.

शिक्के पुसा. आडनावांचा रकाना फाडून टाका. दोन्ही निवडणुकांचे फॉर्म २० शेजारी ठेवा, मग पाथर्डीतलं एकच केंद्र निवडून यादीतल्या प्रत्येक घराचं दार वाजवा. माणूस तिथं राहतो का, मतदान केलं का, नसेल तर का नाही, एवढंच विचारायचं. मत कुणाला दिलं हे विचारायचं नाही. पाथर्डीची गाडी सकाळी लवकर पकडा. टोळ्या ऊसतोडीला निघायच्या आत पोचलात तरच कुणी भेटेल.