न विचारता घेतलेले: दान की ऋण?

जे स्वेच्छेने आणि परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिले जाते ते दान, हे आपण सर्वच जाणतो. पण देणाऱ्याला आपण काही दिले हेच ठाऊक नसेल तर?

१९५१ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे हेन्रिएटा लॅक्स या ३० वर्षांच्या कृष्णवर्णीय मातेच्या गाठीचा तुकडा तिला न विचारता घेतला गेला. त्याच वर्षी तिचे देहावसान झाले. मात्र डॉ. जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत त्या पेशी वाढतच राहिल्या आणि ‘हेला’ या नावाने जगभर गेल्या. कुटुंबाला हे कळायला वीसहून अधिक वर्षे लागली.

पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी डॉ. गे यांच्याच प्रयोगशाळेत काम केले आणि पुढे मुंबईत देशातील पहिली ऊती-संवर्धन प्रयोगशाळा उभारली. आज खारघरच्या ॲक्ट्रेक संस्थेत कर्करोगावरील नव्या औषधांची प्राथमिक तपासणी अशाच पेशींवर होते. तबकडीच्या छोट्या खळग्यांत पेशी वाढवतात, त्यांत औषधाच्या कमी-अधिक मात्रा घालतात आणि किती मात्रेने वाढ निम्म्यावर येते ते मोजतात.

या पेशी कोणाच्या तरी दुखण्यातून आलेल्या आहेत. ज्यांनी विचारपूर्वक संमती दिली, त्यांचे ते दान. ज्यांना विचारलेच नाही, त्यांच्या बाबतीत ‘दान’ हा शब्द वापरून आपण मोकळे होऊ शकत नाही. ते ऋण आहे. ‘पण त्यातून लाखोंचे भले झाले ना?’ असे मनात येईल. भले झाले, हे खरेच. परंतु फळ चांगले आले म्हणून न विचारता घेणे योग्य ठरत नाही. उलट फळ जितके मोठे, तितके ऋणही मोठे.

मग ते फेडायचे कसे? संशोधकांनी विचारूनच घ्यावे. आज तसा नियमही आहे. आणि आपण? आपण सत्य बोलावे. तबकडीतल्या पेशी मरणे म्हणजे माणूस बरा होणे नव्हे. त्या खळग्यात यकृत नाही, रक्ताभिसरण नाही, जपायच्या निरोगी पेशीही नाहीत. तीव्र मिठाच्या पाण्यानेही तिथल्या पेशी मरतील. तरीही ‘अमुक रसाने कर्करोग नष्ट होतो, प्रयोगशाळेत सिद्ध’ असा संदेश आपण सद्भावनेने पुढे पाठवतो. तो वाचून एखादा रुग्ण चालू उपचार सोडून देऊ शकतो. केवळ सद्भावना सत्याची जागा घेऊ शकत नाही.

आज एवढेच करून पाहा. असा संदेश हाती आला की क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा: हे माणसांवर सिद्ध झाले आहे, की फक्त तबकडीत? उत्तर ठाऊक नसेल, तर तो पुढे पाठवू नका. ज्यांना कोणी विचारले नाही, त्यांच्या ऋणाची एवढी जाणीव तरी आपण नक्कीच ठेवू शकतो.