तेच चर्च, की दुसरे?

न्यायशास्त्र शिकवताना मला सर्वांत जड जाई तो ध्वंसाभाव. घट फुटला की त्याचे नसणे सुरू होते. त्या नसण्याला आरंभ आहे, अंत नाही. नैयायिक या बाबतीत तसूभरही हलत नाहीत. वर्गातले एखादे चुणचुणीत पोर हमखास विचारी, "बाई, त्याच मातीचा, त्याच मापाचा घट पुन्हा केला तर?" उत्तर ठरलेले असे: तो दुसरा घट. पहिल्याचा ध्वंस जागच्या जागी राहतो, तो पुसता येत नाही.

निवृत्तीनंतर लेकीकडे लंडनला येणेजाणे सुरू झाले आणि फ्लीट स्ट्रीटच्या सेंट ब्राइड्स चर्चने हा प्रश्न पुन्हा माझ्यापुढे आणून ठेवला. आयर्लंडची संत ब्रिजिट हिच्या नावाचे हे चर्च. तिथली माणसे शतकानुशतकांविषयी बोलताना सहज "आमचे चर्च" म्हणतात, जणू मध्ये काही घडलेच नाही. घडले तर फार आहे. २ सप्टेंबर १६६६ रोजी पुडिंग लेनमधल्या एका बेकरीतून निघालेल्या आगीत शहरातली ८७ चर्चे जळाली, त्यांत हे होते. क्रिस्टोफर रेनने ते नव्याने उभे केले आणि १९ डिसेंबर १६७५ रोजी तिथे उपासना सुरू झाली. टप्प्याटप्प्याने निमुळता होत जाणारा मनोरा पुढे १७०३पर्यंत पुरा झाला. १७६४ साली वीज पडून त्याची थोडी उंची गेली, तरी आजही तो २२६ फूट आहे. मग २९ डिसेंबर १९४०, रविवारची रात्र. जर्मन विमानांनी शहरावर आगलावे बॉम्ब टाकले. छप्पर कोसळले, आतले लाकूडकाम राख झाले, घंटा वितळल्या. भिंतींचा सांगाडा आणि मनोरा तेवढे उभे राहिले. गॉडफ्रे ॲलन या वास्तुविशारदाने ते पुन्हा बांधले आणि राणी एलिझाबेथच्या उपस्थितीत १९ डिसेंबर १९५७ रोजी त्याचे पुनःसमर्पण झाले. दिवस तोच, मध्ये २८२ वर्षे.

माझ्या शास्त्राने पाहिले तर ही किमान तीन वेगळी चर्चे आहेत. खरे म्हणजे तीनहून जास्त, आणि ते कळले बॉम्बमुळे. चर्च उघडे पडले आणि पुन्हा बांधायला पैसा उभा राहीपर्यंत वर्षे गेली, म्हणून १९५२ साली पुरातत्त्वज्ञ प्रा. ग्राइम्स यांना फरशीखाली उतरता आले. (मिथ्र देवतेचे रोमन मंदिर लंडनमध्ये ज्यांना सापडले तेच हे ग्राइम्स.) रेनच्या भिंतींच्या खाली मध्ययुगीन भिंती निघाल्या, वाढवलेल्या, बदललेल्या, पुन्हा वाढवलेल्या, त्यांच्या तळाशी सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या दगडी चर्चचा पाया, आणि त्याच्याही खाली रोमन काळातल्या इमारतीची फरशी. तळघरात उतरले की हे सगळे आज पाहता येते. पायऱ्या उतरताना हाताखालचा दगड बदलत जातो आणि कुठली भिंत कुठल्या शतकाची हे चटकन उमगत नाही. मला ते फार आवडले. वर एकसंध दिसणारी वास्तू खाली आपले सगळे तुकडे उघड मांडून बसली आहे.

परंपरा सांगते की इथले पहिले चर्च सहाव्या शतकातले. पुराव्याची भिंत तिथपर्यंत पोचत नाही, आणि ती पोचावी असा आग्रह मला कळत नाही. श्रद्धास्थान जितके जुने तितके खरे, ही हाव सगळ्या धर्मांत आहे. हजार वर्षांची उपासना चारशे वर्षे जास्त जुनी ठरल्याने अधिक पवित्र होत नाही.

तर मग ते तेच चर्च कशाने? दगडांनी नव्हे, ते अनेकदा बदलले. आकारानेही नव्हे: रेनने दोन्ही बाजूंना बांधलेले सज्जे ॲलनने पुन्हा उभारले नाहीत आणि आसनांच्या रांगा समोरासमोर मांडल्या. जागेने म्हणावे, तर त्याच जागेवर रोमन घर होते आणि त्याला कोणी सेंट ब्राइड्स म्हणत नाही.

बौद्धांकडे याचे उत्तर तयार आहे. राजा मिलिंदाला नागसेनाने विचारले होते की रथ म्हणजे चाक का, आस का, जू का; आणि रात्रभर तेवणारी ज्योत पहिल्या प्रहरी व शेवटच्या प्रहरी एकच असते का. प्रवाह आहे, वस्तू नाही. हे उत्तर देखणे आहे आणि तरुणपणी मी त्याच्याशी खूप भांडले आहे. इथे मात्र ते अपुरे पडते, कारण प्रवाहच तुटला होता. १६६६पासून १६७५पर्यंत नऊ वर्षे आणि १९४०पासून १९५७पर्यंत सतरा वर्षे ज्योत नव्हतीच. वात कोरडी असताना कोणता प्रवाह वाहत होता?

याचे उत्तर मला दुसऱ्याच एका चर्चपाशी दिसले. त्याच रात्री, २९ डिसेंबर १९४०ला, थोड्याच अंतरावर सेंट मेरी ऑल्डरमनबरी हे रेनचेच चर्च जळाले. युद्धानंतर ते पुन्हा बांधायचे कारण उरले नव्हते. १९४६ साली चर्चिलने अमेरिकेत मिसुरीमधल्या फुल्टन गावी वेस्टमिन्स्टर कॉलेजात पोलादी पडद्याचे प्रसिद्ध भाषण केले होते. त्याच्या स्मरणार्थ हे चर्च तिकडे न्यायचे ठरले. हजारो दगडांवर क्रमांक घातले, ते समुद्रापार गेले, आणि १९६९ साली रेनचे चर्च फुल्टनमध्ये उभे राहिले. दगड रेनचे आणि आकार रेनचा. नैयायिकाला विचाराल तर अवयव इतके जसेच्या तसे सेंट ब्राइड्समध्येही नाहीत. तरी मला ते ऑल्डरमनबरीचे चर्च वाटत नाही. लंडनमध्ये त्याच्या जागी छोटी बाग आहे, पायाचे दगड दिसतात, आणि शेक्सपिअरची नाटके त्याच्यामागे गोळा करून छापणाऱ्या हेमिंग्ज आणि कॉन्डेल या त्याच्या दोन सोबत्यांचे स्मारक आहे. दोघे त्याच पॅरिशचे रहिवासी, तिथेच पुरलेले. दगड गेले, माणसे राहिली.

पॅरिश म्हणजे मुळात इमारत नव्हेच. तो एक आखून दिलेला भाग असतो, आणि त्यात जन्मलेल्या, लग्न झालेल्या, मेलेल्या प्रत्येकाचा सांभाळ एका पाद्र्याकडे सोपवलेला असतो. १६६६नंतर ८७पैकी ५१च चर्चे पुन्हा बांधली गेली. उरलेल्या पॅरिश शेजाऱ्यांशी जोडल्या, पण चर्च नाही म्हणून त्या लगेच पुसल्या गेल्या नाहीत. छप्पर नसले तरी सांभाळायची माणसे होतीच, जिवंत आणि पुरलेलीही.

पुरलेल्यांनी मला अधिक अस्वस्थ केले. मी ज्या घरात वाढले तिथे देह जाळला की संपला. अस्थी नदीत गेल्या की मागे काही ठेवायचे नसते. ख्रिस्ती श्रद्धेत देहाचे पुनरुत्थान आहे, म्हणून पवित्र केलेल्या जमिनीत, वेदीच्या जितके जवळ जाता येईल तितके जवळ, पुरले जाण्याची ओढ. सेंट ब्राइड्सच्या फरशीखाली हजारो माणसे निघाली. एका खोलीत मध्ययुगीन माणसांची हाडे नीट रचून ठेवली होती, कवट्या आणि लांब हाडे चौकटीचौकटींनी. नव्या माणसाला जागा करायची म्हणून जुन्याला काढायचे, पण टाकून द्यायचे नाही, अशी ती रीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पटकीच्या साथींनंतर शहरातल्या चर्चांखाली पुरणे बंद झाले आणि ही तळघरे बुजून विसरली गेली. त्यांत शिशाच्या शवपेट्या होत्या. दोनशेहून अधिक पेट्यांवरच्या धातूच्या पट्ट्यांवर नाव, वय आणि मृत्यूची तारीख शाबूत होती. त्यांतला एक सॅम्युअल रिचर्डसन, छपाईचा धंदा करणारा आणि 'पामेला' लिहिणारा कादंबरीकार, १७६१ साली वारलेला. त्याची हाडे तपासून अभ्यासकांनी त्याच्या आजारपणाविषयीच्या लेखी नोंदी पडताळून पाहिल्या. सांगाड्यावरून वय आणि लिंग ओळखण्याच्या पद्धती कितपत विश्वसनीय आहेत हे तपासायला, ज्यांचे वय आधीच माहीत आहे अशी ही हाडे कितीतरी संशोधकांना उपयोगी पडली.

हे योग्य आहे का? पुनरुत्थानाची वाट पाहत झोपलेल्या माणसाला उठवून त्याचे दात मोजावेत का? माझे मत सुरुवातीला नकाराकडे झुकत होते. ते बदलले ते एका साध्या गोष्टीने: ही नाव माहीत असलेली माणसे चर्चने कोणाला देऊन टाकली नाहीत. ती आजही सेंट ब्राइड्सच्याच तळघरात, खोक्यांत, चर्चच्या ताब्यात आहेत आणि संशोधकाला त्यांच्याकडे यावे लागते. सतराव्या, अठराव्या शतकात कोणीतरी वचन दिले होते की आम्ही तुम्हाला आमच्याजवळ ठेवू. मधे बॉम्ब पडला, उत्खनन झाले, प्रयोगशाळेचे काम झाले, तरी ते वचन पाळले जात आहे. ध्वंस इमारतीचा झाला, वचनाचा झाला नाही. अवयवी, म्हणजे अवयवांची मिळून झालेली वस्तू, नष्ट झाला हे मी आजही शिकवीन. पण ज्याचे ऋण फिटलेले नाही त्याचा ध्वंस झाला असे म्हणता येत नाही, कारण देणेकरी अजून हजर आहे. सेंट ब्राइड्स तेच चर्च आहे ते या अर्थाने. फ्लीट स्ट्रीट ही एकेकाळी वर्तमानपत्रांची गल्ली आणि हे पत्रकारांचे चर्च. ती वर्तमानपत्रे १९८०च्या दशकात तिथून उठून गेली, पण बेरूतमध्ये ओलीस ठेवलेल्या जॉन मॅकार्थी या पत्रकारासाठी लोक प्रार्थनेला इथेच जमले, आणि कामावर असताना मारल्या गेलेल्या पत्रकारांच्या आठवणीची वेदी आजही इथे आहे. माणसे दुसरीकडे राहायला गेली तरी त्यांची जबाबदारी चर्चने सोडली नाही.

इथेच मला थांबता आले असते, पण तसे थांबणे खोटे होईल. ज्यांच्या पेटीवर नाव होते ते शिसे आणि पट्टी परवडणारे लोक होते. पॅरिशमधल्या गरिबांसाठी दुसरी जमीन होती. १६१० साली दान मिळालेल्या जागेत, आजच्या फॅरिंग्डन स्ट्रीटजवळ, खालची दफनभूमी म्हणून ती वापरली गेली. फ्लीट आणि ब्राइडवेल हे तुरुंग जवळच होते. तिथून येणारी प्रेते, अनाथाश्रयातले लोक, भाड्याच्या खोल्यांतले मजूर तिथे गेले, साध्या लाकडी पेट्यांत, एकावर एक. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बांधकामाआधी तिथे उत्खनन झाले आणि सुमारे सहाशे सांगाडे निघाले. मुडदूस, क्षय, मोडून वेडेवाकडे जुळलेले हात. ही माणसेही सेंट ब्राइड्सच्याच पॅरिशची, त्याच प्रार्थना म्हणून पुरलेली. ती चर्चकडे परत आली नाहीत, संग्रहालयाच्या साठ्यात गेली. संग्रहालयाने त्यांची हेळसांड केली असे मला म्हणायचे नाही. उलट त्यांच्या हाडांमुळेच लंडनच्या गरिबीचा इतिहास कोणी नाकारू शकत नाही. पण वर मी जे म्हटले की वचन पाळले गेले, ते अर्धेच पाळले गेले आहे.

पॅरिशने आपल्या दफनांची नोंद ठेवली, त्या नोंदींत गरीबही आहेत. कोणते हाड कोणाचे हे आता कधीच जुळणार नाही; रिचर्डसनसारखी त्यांची ओळख पटणार नाही. तरी नावे कागदावर आहेत. ती नावे तळघरात, शवपेट्यांच्या पट्ट्या जिथे जपल्या आहेत त्यांच्या शेजारी, वाचता येतील अशा अक्षरांत लावावीत असे मला वाटते. तिथल्या मंडळींना पत्र लिहायचे ठरवले आहे. मसुदा लेकीला दाखवला, तिने विचारले की एका हिंदू बाईने हे का सांगावे. मी म्हटले, मेलेल्याचे देणे कोणीही आठवून द्यावे.