हिशेब कोणाच्या नावे?

सरकारी नोकरीतील सारी वर्षे आम्ही दुसऱ्यांच्या कामाचे मोजमाप करण्यात घालविली. कोणत्या मेजावर किती प्रकरणे किती दिवस पडून आहेत, याचे तक्ते करवून घ्यावयाचे आणि त्यांवर शेरे लिहावयाचे, हा आमचा नित्यक्रम. मोजमाप खरे असले म्हणजे न्याय आपोआप होतो, अशी आमची पक्की समजूत होती. ती ढळली निवृत्तीनंतर, आणि तीही संगणकशास्त्रातील एका आडवळणाच्या विषयामुळे. दिवाळीस माहेरी आलेल्या आमच्या कन्येने, जी याच क्षेत्रात काम करते, तो विषय दोन-तीन संध्याकाळी बसून आम्हांस समजावून सांगितला.

संगणकाचे यंत्र आणि ते वापरणारा यांच्यामध्ये एक कारभारी असतो. तीच ऑपरेटिंग सिस्टिम. तिच्या गाभ्यास कर्नेल म्हणतात. स्मृती कोणास किती द्यावी, प्रोसेसरचा वेळ कोणास द्यावा, हे सारे तेथे ठरते. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये आरंभिलेल्या लिनक्सचा गाभा प्रारंभी एकसंध बांधलेला असे. पुढे चालू यंत्रातच एखादा नवा भाग आत घेण्याची, आणि गरज संपताच बाहेर काढण्याची सोय झाली. अशा भागास मॉड्यूल म्हणतात. नेटवर्कचे नवे कार्ड बसविले की त्याचे मॉड्यूल आत येते. एकदा आत आले की ते पाहुणे राहत नाही. गाभ्याचे सर्व अधिकार त्यास मिळतात, आणि ते चुकले तर सारे यंत्र ठप्प होऊ शकते.

यंत्र मंद चालू लागले, तर वेळ कोठे खर्च होतो हे शोधावे लागते. या शोधास प्रोफाइलिंग म्हणतात. त्याची एक साधी रीत अशी: घड्याळाने ठरावीक अंतराने, समजा सेकंदास १०० वेळा, दार ठोठवावयाचे आणि त्या क्षणी कोणत्या पत्त्यावरची आज्ञा चालू आहे, ते टिपून ठेवावयाचे. ज्याच्या नावे टिपणे अधिक, त्याच्याकडे वेळ अधिक. आमच्या अचानक तपासण्यांसारखेच हे!

लिनक्सच्या जुन्या व्यवस्थेत या टिपणांचे रकाने मूळ गाभ्याच्या पत्त्यांपुरतेच आखलेले होते. मागाहून आलेली मॉड्यूले स्मृतीत अन्यत्र बसत; त्यांच्यासाठी रकानाच नव्हता. त्यांची सारी टिपणे अगदी शेवटच्या रकान्यात लोटली जात. हिशेबनिसास हा प्रकार ओळखीचा वाटेल. ते उचंत खातेच होय. कोणीतरी काम केले एवढे कळे, कोणी केले ते कळत नसे. मात्र ती टिपणे गुपचूप टाकून न देता, शेवटच्या रकान्याचा फुगवटा डोळ्यांत भरावा म्हणून तेथे ठेवली होती, हा आखणाऱ्यांचा प्रामाणिकपणा.

पुढे अधिक चांगली साधने आली; २००९ पासून पर्फ हे साधन लिनक्सबरोबरच मिळते. ती मॉड्यूलांची यादी आणि पत्ते जवळ बाळगतात. तरी एक मेख उरते. एक मॉड्यूल गेल्यावर त्याच जागी दुसरे येऊन बसू शकते. त्या वेळचा हजेरीपट हाताशी नसेल, तर गेलेल्याचा वेळ आलेल्याच्या नावे मांडला जातो.

याहून सूक्ष्म दोष दुसरा आहे. गाभ्यातील काही कामे इतकी नाजूक असतात, की ती चालू असताना बाहेरचा व्यत्यय क्षणभर बंद ठेवतात. घड्याळाची थाप दाराशी थांबून राहते. काम संपून ज्या आज्ञेने दार उघडले, तिच्याच पाशी ती थाप आत शिरते, आणि टिपण तिच्या नावे पडते. टिपणात खोटे काहीच नसते. खोटा असतो तो त्यावरून काढलेला निष्कर्ष. हे ऐकले आणि आम्ही गप्प झालो.

कारण आमच्या कार्यालयात असेच घडले होते. निवृत्तिवेतनाची प्रकरणे तुंबली होती. दर सोमवारी मेजवार तपासणी होई. प्रतिनियुक्तीवर आलेल्या एका लिपिकाच्या मेजावर लागोपाठ काही सोमवारी ढीग आढळला. त्याच्या गोपनीय अहवालात आम्ही 'दिरंगाई' असा शेरा लिहिला. तो मूळ कार्यालयात परत गेल्यावर आमच्या ध्यानात आले, की ती प्रकरणे कित्येक आठवडे आमच्याच कपाटात होती. आम्ही दौऱ्यावरून परतून ती सोडली, की एकदम त्याच्या मेजावर पडत. आमच्या खोलीची तपासणी कधी होत नसे, कारण तपासणारे आम्हीच होतो. शेरा दुरुस्त करण्यासाठी पत्र लिहावे असे अनेकदा मनात आले. लिहिले नाही.

यावर कोणी म्हणेल, मग पहारा वाढवा. यंत्रात तशी सोय आहे. कोणतेही दार अडवू शकत नाही अशी एक थाप असते, आणि बंद खोलीतील वेळही तिने मोजता येतो. परंतु प्रत्येक थाप स्वतःही थोडा वेळ खाते. फार वेळा ठोठावले, तर मोजण्याच्या भारानेच काम मंदावते. माणसांच्या बाबतीत तर सततच्या पाळतीने कामाबरोबर मनही खचते. तेव्हा प्रश्न पहारा किती, हा नसून पाहणाऱ्याची खोली त्या पहाऱ्यात येते की नाही, हा आहे.

लिनक्समध्ये आणखी एक प्रथा आहे. ज्याची घडण उघड करून दाखविलेली नाही असे मॉड्यूल आत घेतले, की डागाची एक खूण उमटते. ते मॉड्यूल काढून टाकले तरी यंत्र नव्याने सुरू करेपर्यंत ती पुसत नाही. ही खूण अपराधाची नव्हे. येथे काय घडले ते पुरते पाहता येणार नाही, एवढाच इशारा ती पुढच्या तपासनिसास देते. आणि ती जाणाऱ्याच्या कपाळी नव्हे, तर त्यास आत घेणाऱ्या गाभ्यावर उमटते.

ज्यांची घराणी पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी परमुलखात येऊन स्थिरावली, त्या आपणां सर्वांस मागाहून आलेल्यावर बोट ठेवणे किती सोपे असते, ते सांगावयास नको. तरीही आम्ही तेच केले. डाग आमच्या कार्यालयावर राहावयास हवा होता; तो आम्ही त्या लिपिकाबरोबर पाठवून दिला. यंत्र पुन्हा सुरू करता येते. त्याची सेवापुस्तिका तशी नव्याने उघडता येत नाही. ते पत्र मात्र अद्याप लिहिता येईल, आणि हा लेख संपवून आम्ही तेच लिहावयास बसणार आहोत.