एक दिवसाची वाट



जपमाळेतील आनंदाचे पाचवे रहस्य आपण कितीतरी वेळा म्हणतो : बाळ येशू मंदिरात सापडतो. पण तो सापडण्याआधी हरवला होता, आणि कसा हरवला हे संत लूक दुसऱ्या अध्यायात नेमकेपणाने सांगतात. वल्हांडणाचा सण आटोपून मरिया आणि जोसेफ जेरुसलेमहून नाझरेथला निघाले. शंभराहून अधिक किलोमीटरची ही वाट, म्हणजे आपल्याकडे सिरोंच्याहून आलापल्लीला पायी जाण्याइतकी. तीन-चार मुक्कामांचा प्रवास होता. पहिल्या दिवसाची मजल त्यांनी चालून पूर्ण केली. येशू सोबतच्या लोकांत असेल असे त्यांनी समजून घेतले होते. मग त्यांनी नातेवाइकांत आणि ओळखीच्या लोकांत त्याला शोधले, आणि तो कोठेच नव्हता.

दिवसभर कोणी वाईट वागले नव्हते आणि कोणी भांडलेही नव्हते. फक्त प्रत्येकाला वाटले, मुलगा दुसऱ्या कोणाबरोबर असेल.

बंधुभगिनींनो, पायी चालण्याची मजल म्हणजे काय हे आपल्या भागातील माणसांना समजावून सांगावे लागत नाही. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतून टोळ्याच्या टोळ्या तेलंगणात मिरची तोडायला जातात. धान निघालेले असते, तेंदूपानाचा हंगाम मे महिन्यात येतो, मधल्या काळात हाताला काम नसते. सन २०२० मध्येही लोक असेच गेले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली, गाड्या बंद झाल्या, राज्याच्या सीमा अडवल्या गेल्या, आणि अनेकांनी गोदावरी ओलांडून प्राणहितेच्या खोऱ्यातील जंगलवाटेने घर गाठायचे ठरवले.

त्या वर्षी ईस्टर १२ एप्रिलला होता. मी तेव्हा दुसऱ्या धर्मग्रामात होतो. चर्चचे दार बंद ठेवून मी एकट्याने मिस्सा केली. सर्व कुटुंबे आपापल्या घरी सुखरूप आहेत असे समजून मी देवाचे आभारही मानले. दुसऱ्या दिवशी एका आजीचा फोन आला. “फादर, पोरं वाटेत आहेत. चार दिवस झाले. सोबत नातू आहे.” ते कुटुंब मिरचीच्या कामाला गेले आहे हेच मला ठाऊक नव्हते. उपवासकाळाच्या सुरुवातीच्या रविवारी ते चर्चमध्ये दिसले नाहीत, हेही माझ्या ध्यानात आले नव्हते. त्यांची नावे माझ्या नोंदवहीत होती, आणि मला तेवढे पुरेसे वाटले होते.

ते लोक सुखरूप पोहोचले. गावाबाहेरच्या शाळेत त्यांना चौदा दिवस ठेवले होते. मी कुंपणापलीकडे उभा राहून त्यांच्याशी बोललो. त्या घरच्या माणसाने मला जिमलगट्टा ते रेपनपल्लीच्या बाजूच्या एका दिवसाची हकीकत सांगितली. पहाटे तारे असतानाच निघायचे, कारण दहानंतर ऊन सोसवत नाही. दुपारी नाल्याकाठी सागाच्या सावलीत थांबायचे, भात शिजवायचा, पोरांना झोपवायचे. ऊन उतरले की पुन्हा चालायचे. टोळीत चौदा माणसे होती. त्यांत एक म्हातारा पायाने अधू. पहिल्या दिवशी तो मागे पडला आणि अंधारात त्याला शोधत परत जावे लागले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्याला सर्वांत पुढे चालायला लावले. तो जितका चालेल तितकीच सर्वांची मजल. आणि संध्याकाळी चूल पेटवण्याआधी त्याची बायको प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून मोजायची. चौदा भरले की मगच तांदूळ भांड्यात पडायचे.

मी सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो. संत थॉमस अक्विनस या जगातील माणसाला ‘वाटसरू’ म्हणतात, कारण त्याचे घर पुढे आहे. ही व्याख्या मी परीक्षेत नीट लिहिली होती. पण वाटसरूने संध्याकाळी काय करायचे असते, हे मला त्या बाईने शिकवले.

सर्वच टोळ्या इतक्या सुदैवी नव्हत्या. त्याच आठवड्यात, इंद्रावतीपलीकडच्या बिजापूर जिल्ह्यातील एक मुलगी तेलंगणातील मिरचीच्या शेतावरून आपल्या माणसांबरोबर चालत निघाली होती. तीन दिवस ती चालली. १८ एप्रिलला, गाव काही किलोमीटरवर राहिले असताना, तिने वाटेतच प्राण सोडला. ती बारा वर्षांची होती. मंदिरात सापडलेला येशूही बारा वर्षांचाच होता. म्हणून आता ते पाचवे रहस्य म्हणताना मला ती मुलगी आठवते. तिच्या सोबत्यांना मी दोष देत नाही, तेही थकलेलेच होते. प्रश्न त्यांच्या आधीचा आहे. बारा वर्षांचे लेकरू शाळा सोडून परक्या राज्यात कामाला जाते, तेव्हा आपण सर्वजण समजून चालतो की त्याच्याकडे कोणीतरी पाहत असेल.

संत लूकच्या मूळ ग्रीक मजकुरात त्या सोबत्यांच्या तांड्यासाठी ‘सिनोदिया’ हा शब्द आहे. ‘सिनोद’ हा शब्द त्याच घराण्यातला. त्याचा अर्थ एकत्र वाटचाल. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ ते २०२४ या काळात साऱ्या ख्रिस्तसभेला याच वाटचालीवर विचार करायला बोलावले, आणि आपणही त्यासाठी बैठका घेतल्या. पण शुभवर्तमान सावध करते की येशू हरवला तो नेमका अशाच तांड्यात. एकत्र चालणे पुरेसे नाही. मुक्कामाला मोजणी करावी लागते.

आणि मोजणीत एक कमी भरला तर? मरिया आणि जोसेफ मागे वळले. ‘तुमच्याबरोबर आहे असे मला वाटले’ असा ठपका एकाने दुसऱ्यावर ठेवल्याचे संत लूक सांगत नाहीत. पुढची मजल सोडून त्यांनी चाललेलीच वाट पुन्हा चालली, आणि तिसऱ्या दिवशी मुलगा सापडला. जगाच्या हिशेबाने ते दिवस वाया गेले. देवाच्या हिशेबात त्याच दिवसांचे रहस्य झाले.

आल्प्स पर्वतात, इटली आणि स्वित्झर्लंडच्या सीमेजवळ, सुमारे २,४७० मीटर उंचीवर एक खिंड आहे. अकराव्या शतकात संत बर्नार्ड यांनी तेथे वाटसरूंसाठी आश्रयगृह उभारले. दरीतून दिवसभर चढून आलेल्या माणसाला तेथे चूल, भाकरी आणि निजायला जागा मिळे. पण तेथील धर्मबंधू केवळ दार उघडे ठेवून बसले नाहीत. बर्फात अडकलेल्यांना शोधायला ते बाहेर पडत, पुढच्या काळात कुत्रे सोबत घेऊन. सन १९२३ मध्ये पोप अकरावे पायस यांनी या संतांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते घोषित केले. धर्मग्राम असा असावा असे मला वाटते. दार उघडे असावेच, शिवाय शोधायला निघणारे पायही असावेत.

म्हणून माझी आपणास कळकळीची विनंती आहे. प्रत्येक वस्तीच्या प्रार्थनागटाने महिन्यातून एकदा, प्रार्थना संपल्यावर, मोजणी करावी. सलग तीन रविवार कोण दिसले नाही? कोण आजारी आहे, कोण रुसले आहे, कोण दारूपायी घराबाहेर पडत नाही? कामासाठी बाहेरगावी जाणाऱ्या कुटुंबांनी निघण्यापूर्वी गावाचे नाव आणि फोन नंबर माझ्याकडे द्यावा. जाताना मुलांना सोबत न्यावे लागत असेल तर आधी मला येऊन भेटावे. त्यांच्या राहण्याची आणि शाळेची सोय आपण मिळून पाहू. घरी राहिलेल्या आजी-आजोबांकडे शेजाऱ्यांनी दर रविवारी मिस्सानंतर डोकावावे. आणि कोणी कमी भरले तर ‘फादर बघतील’ असे समजू नये. फादर बघतील असे समजणाऱ्यांत एकदा फादर स्वतःच होते.

आज मिस्साबलिदानात आपण पवित्र भाकर घेऊ. मरणाऱ्या माणसाला ख्रिस्तसभा हीच भाकर ‘वाटेची शिदोरी’ म्हणून देते. शिदोरी एकट्याने खायची नसते. ती सोडण्यापूर्वी आपली माणसे आली का, हे आधी पाहायचे असते.

हे प्रभू, तू स्वतः हरवलेल्यांत मोजला गेलास. आमच्यातून मागे राहिलेल्यांना आमच्या ध्यानात आणून दे, आणि त्यांच्यासाठी मागे वळण्याचे बळ दे. आमेन.

आपला नम्र,
प्रमुख धर्मगुरू