अविस्मरणीय, अलौकिक वगैरे

शास्त्रीय संगीताची प्रसिद्धी करणं म्हणजे एखाद्या सालस, निर्व्यसनी मुलासाठी स्थळ शोधण्यासारखं आहे. मुलगा गुणी असतो, नाकासमोर चालणारा असतो, घराणं तर विचारूच नका. पण हे गुण सांगायला लागलं की समोरच्याला जांभई येते. ती जांभई पाहून सांगणाऱ्याला चेव येतो आणि तो दोन गुण पदरचे घालतो. तिथून पुढे नीतिशास्त्राचा प्रांत सुरू होतो.

गेली अकरा वर्षं मी आमच्या उपनगरातल्या एका लहानशा संगीत मंडळाचा प्रसिद्धिप्रमुख आहे. 'प्रमुख' म्हटल्यावर हाताखाली चार माणसं असावीत असा लोकांचा ग्रह होतो. तसं कोणी नाही. बँकेतून निवृत्त झालो होतो, अक्षर बरं होतं आणि तीन जिने न थांबता चढू शकत होतो. या तीन पात्रतांवर माझी निवड एकमताने झाली. पत्रकाचा मजकूर जुळवायचा, छापखान्यात खेटे घालायचे, किराणा दुकानापासून दंतवैद्यापर्यंत सगळीकडे फलक लावायचे, हल्ली व्हॉट्सॲपवरूनही लोकांना छळायचं आणि कार्यक्रमाच्या दिवशी दारात उभं राहून प्रवेशिका फाडायच्या, असं या पदाचं एकंदर वैभव आहे.

या वैभवात मला एक प्रश्न कायम टोचत आला आहे. न ऐकलेल्या गाण्याची स्तुती करणं, हे खोटं बोलणं आहे का? कारण गाणं व्हायचं असतं रविवारी आणि 'अविस्मरणीय मैफल' असं छापून होतं त्याआधी पंधरा दिवस.

साबणवाल्याला हा पेच नाही. पुढच्या रविवारी आपल्या साबणाचा फेस किती होणार, हे त्याला आज पक्कं ठाऊक असतं. ख्यालाचं तसं नाही. गवयाला राग ठाऊक असतो, बंदिश ठाऊक असते, पण त्या संध्याकाळी त्या रागातून काय हाती लागेल हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. सांगता आलं असतं तर त्याने आधीच लिहून दिलं असतं, आम्ही छापलं असतं आणि गाणं ऐकायचं कारण उरलं नसतं. शिवाय विलंबित एकतालाचं एक आवर्तन कधी कधी जवळजवळ मिनिटभर चालतं. तेवढ्या वेळात टीव्हीवर तीन जाहिराती उरकतात आणि तीन संसार सुखी होतात. इकडे आमचे बुवा नुकतेच समेवर आलेले असतात.

म्हणून मग विशेषणं येतात. आमच्या मंडळाच्या फायली चाळल्या तर साधी मैफल म्हणून आमच्याकडे कधी झालेलीच नाही. सगळ्या अविस्मरणीय. एकदा आमच्या हिने कार्यवाहांना सहज विचारलं, "मागच्या महिन्यातल्या अविस्मरणीय मैफलीत कोण गायलं होतं हो?" कार्यवाहांनी शांतपणे फाईल मागवली.

पदव्यांचंही तेच. पूर्वी बाळकृष्णबुवा होते, भास्करबुवा होते, वझेबुवा होते. 'बुवा' या दोन अक्षरांत त्यांचं सगळं मावलं. आता तबल्याची पहिली परीक्षा आणि पहिली दाढी एकदम झाली की माणूस पंडित होतो. नोटा जास्त छापल्या की रुपयाची किंमत उतरते, हे मी बँकेत शिकलो. विशेषणांनाही तो नियम लागू आहे, हे मंडळात शिकलो.

यावर आमच्या अप्पांचं उत्तर सोपं आहे. अप्पा मंडळाचे सर्वांत जुने सभासद. त्यांच्या मते प्रसिद्धी हाच मुळात पापाचा व्यवहार. "अहो, फूल काय जाहिरात करतं? सुगंध असला की भुंगे आपोआप येतात."

मला हे कधीच पटलेलं नाही. फुलाइतका जाहिरातबाज जीव सृष्टीत दुसरा नसेल. तो भडक रंग आणि तो घमघमाट भुंग्यांसाठी नाही तर काय अप्पांच्या देवपूजेसाठी आहे? आणि संगीताचा इतिहास तरी काय सांगतो? संस्थानिकांच्या दरबारात गाणं होतं तेव्हा प्रसिद्धिप्रमुख नव्हता हे खरं. पण दारावर पहारेकरी होता. तुमच्या-माझ्या पणजोबांना त्या दाराबाहेरूनच परत जावं लागलं असतं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी दरबाराबाहेर येऊन तिकीट लावून जाहीर मैफली केल्या आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते लोकांच्या आधारावर. लोकांचा आधार हवा तर आधी लोकांना कळायला हवं. १९५३ साली भीमसेन जोशी प्रभृतींनी पुण्यात गुरूंच्या, म्हणजे सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू केला, तेव्हाही कोणीतरी फलक रंगवलाच असेल. त्या रंगाऱ्याला मी माझा पूर्वज मानतो.

दुसरी पूर्वज गौहरजान. १९०२ साली कलकत्त्यात तिचं गाणं ध्वनिमुद्रित झालं. दोन-तीन मिनिटांच्या तबकडीत राग बसवायचा आणि शेवटी खणखणीत इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायचं. आज ऐकताना वाटतं, काय हा तोरा! पण त्यामागचं कारण अगदी घरगुती होतं. तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या माणसांना कोणती चिठ्ठी कोणत्या तबकडीवर डकवायची हे कळावं, म्हणून ती घोषणा. मला ही जाहिरात फार आवडते. मी गात्ये, माझं नाव अमुक. ना अलौकिक, ना अविस्मरणीय.

म्हणजे सांगणं पाप नाही. मग पाप सुरू कुठे होतं? ते मला गेल्या वर्षी नीट कळलं.

आमच्या एका कार्यक्रमाला तेलाचे एक व्यापारी प्रायोजक मिळाले. माणूस दिलदार. पहिली सूचना त्यांनी केली ती अशी, "भैरवी लोकांना फार आवडते म्हणता ना? मग तीच आधी ठेवा." भैरवी सुरू झाली की लोक मनातल्या मनात चपला शोधायला लागतात, हे मी त्यांना समजावलं. त्यांनी ते मोठ्या मनाने मान्य केलं. मग त्यांनी पत्रकासाठी स्वतः रचलेली ओळ पुढे केली : 'राग ऐका, रक्तदाब पळवा!' खाली तेलाच्या डब्याचं चित्र.

मी नको म्हणालो. ते चकित झाले. "अहो, माझं तेल हृदयाला चांगलं म्हणून मी विकतो. तुमचं गाणं हृदयाला चांगलं नाही का?"

या प्रश्नाला चटकन उत्तर नव्हतं. गाणं ऐकून बरं वाटतं हे मी कसं नाकारू? पण घरी येताना वाटेत विचार केला. आईच्या मांडीवर डोकं ठेवलं की मानेला आराम पडत असेल. पण 'मानदुखीवर उपाय : आई' असा फलक आपण लावत नाही. एखादी गोष्ट दुसऱ्याच कशासाठी तरी उपयोगी आहे असं सांगून विकली, की ती स्वतःच्या पायावर उभी राहू शकत नाही हे आपण कबूल केलेलं असतं. आणि उद्या एखाद्याचा रक्तदाब नाही पळाला तर तो पैसे परत मागणार. त्याचं चूक नसेल. त्याला मारवा ऐकायला बोलावलंच नव्हतं.

प्रश्न तत्त्वाचा होता तसा पैशाचाही होता. ती ओळ नाही तर निम्मीच रक्कम, असं प्रायोजकांनी सांगितलं. त्या दुसऱ्या निम्म्यात तबलजी आणि पेटीवाले यांची बिदागी होती. त्यांच्या घरचा किराणा माझ्या तत्त्वावर येत नाही. मग समितीतल्या आठ जणांनी वर्गणी काढली आणि पत्रक तीन रंगांऐवजी एका रंगात छापायचं ठरलं. अप्पांनी सगळ्यांत आधी पाकीट काढलं, हे नमूद करायला हवं.

गाणार होती एक तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी. सकाळी शाळेत संगीत शिकवायची, दुपारी शिकवण्या, रात्री स्वतःचा रियाझ. अध्यक्षांनी मजकूर करून दिला होता : 'अलौकिक प्रतिभेच्या उगवत्या तारकेची अविस्मरणीय मैफल.' तो दाखवायला मी तिच्याकडे गेलो. तिने वाचला आणि पेन्सिल मागितली. 'अलौकिक' खोडलं, 'प्रतिभा' खोडली, 'तारका' खोडली. 'अविस्मरणीय'वर पेन्सिल जरा थांबली, मग तेही गेलं.

मी म्हटलं, "अगं, मग लोक येणार कसे? दोनशे खुर्च्या आहेत. आणि तुलाही पुढची आमंत्रणं यायला हवीत."

ती म्हणाली, "काका, अविस्मरणीय लिहिलंत ना, की लोक पहिल्या आलापापासून मोजायला बसतात. मारव्यात षड्जावर यायलाच वेळ लागतो. मला तेवढं शोधायची मोकळीक हवी." मग पत्रक पुन्हा पाहून म्हणाली, "आणि तबला-पेटीची नावं इतकी बारीक का?"

छापून आलं ते असं : तिचं नाव, गुरूंचं नाव, तेवढ्याच मोठ्या टाइपात साथीदारांची नावं, वार, वेळ, ठिकाण. अप्पा म्हणाले, "हे पत्रक आहे की विजेचं बिल?"

दोनशे खुर्च्यांना एकाहत्तर माणसं आली. दारात मीच होतो, त्यामुळे आकडा पक्का आहे. मध्यंतरानंतर त्यांतली अडुसष्ट परत आत आली. तिघांना गाडी गाठायची होती. माझ्या खात्यात मी एकाहत्तर हा आकडा धरतो, अडुसष्ट हा तिच्या खात्यात. माणसं दारापर्यंत आणण्याची जबाबदारी माझी. त्यापुढे माझी हद्द संपते.

प्रायोजक पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी रागावून यायचं टाळलं नव्हतं, हा त्यांचा मोठेपणा. कार्यक्रम संपल्यावर ते माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, "ते मधे एकदा, कितीतरी वेळाने, घरी पोचल्यासारखं झालं ना, ते काय होतं?"

मी सांगितलं, "षड्ज."

"मग हे पत्रकात का नाही लिहिलंत?"

या प्रश्नालाही माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. षड्ज आधी छापून हातात दिला असता तर तो त्यांना भेटला नसता, एवढंच मला कळतं.

केसरबाई केरकरांना रेकॉर्ड आणि रेडिओ यांचं फारसं प्रेम नव्हतं. तरीही १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात गेली, तिच्यात त्यांची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांच्या आसपास. रॉबर्ट ब्राउन नावाच्या अमेरिकन संगीत-अभ्यासकाने ती सुचवली होती. त्याच सप्टेंबरात केसरबाई गेल्या. पहिलं व्हॉयेजर २०१२ साली सूर्याचा अंमल ओलांडून पलीकडे गेलं. इतकी दूरवर प्रसिद्धी दुसऱ्या कुठल्या गवयाच्या वाट्याला आली असेल? आणि ती कशी झाली? ऐकलेल्या एका माणसाने न ऐकलेल्यांना सांगितलं, हे ऐका.

आमच्या धंद्याची नीती मला एवढीच दिसते. आपण स्वतः ऐकलेल्याची शिफारस करावी. होऊन गेलेल्याबद्दल साक्ष द्यावी, व्हायच्या गाण्याबद्दल हमी देऊ नये. रागाच्या वतीने कसलंही आश्वासन देऊ नये, कारण रागाने आपल्याला वकीलपत्र दिलेलं नाही. आणि जे आपल्या हातात आहे, म्हणजे वेळेवर सुरुवात, पिण्याचं पाणी, बसायला धड खुर्ची आणि प्रायोजकांचं भाषण पाच मिनिटांत आटोपणं, त्यात मात्र फसवणूक करू नये.

पुढच्या रविवारी आमच्याकडे एका तरुणाचं गाणं आहे. मी त्याला दोनदा ऐकलं आहे आणि दुसऱ्यांदा मुद्दाम गेलो होतो. तुम्हाला आवडेलच असं मी म्हणत नाही. पण साडेपाच म्हणजे साडेपाचला सुरू होईल आणि पहिल्या दोन रांगा कोणासाठीही राखीव नाहीत.