वीस वर्षांनी नवं होणारं देऊळ

 

आजकाल घरोघरची मुलं नोकरीसाठी दूरदेशी जातात. जपानला असली तर तिथल्या देवळांचे फोटो येतात, आणि कोणीतरी विचारतंच, "त्यांच्या देवापुढे आपण हात जोडले तर चालेल का?" हात तर जोडावेतच. सोबत काही शिकूनही यावं.

जपानमध्ये इसे नावाच्या गावी शिंतो धर्माचं फार जुनं देवस्थान आहे. तिथली मुख्य देवता अमातेरासू, म्हणजे सूर्यदेवी. आपण सूर्याला अर्घ्य देतो, ते त्याला देवी मानतात. दर्शनाआधी हात धुवायचे, चूळ भरायची. मग दोनदा वाकायचं, दोनदा टाळी वाजवायची, पुन्हा एकदा वाकायचं. गाभाऱ्यात कोणी जात नाही, बाहेरूनच नमस्कार. रामपायलीला राममंदिरात जाताना आपणही आधी पाय धुतोच ना?

पण खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. हे देऊळ लाकडाचं, गवती छपराचं. दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर ते हुबेहूब नवं बांधतात आणि देवीला तिथे नेतात. इ. स. 690 पासूनची ही रीत. 2013 साली बासष्टावी वेळ झाली, पुढची 2033 ला. जुनं लाकूडही वाया जात नाही, दुसऱ्या देवळांच्या कामी येतं. मधे युद्धांच्या काळात शंभराहून जास्त वर्षं हे काम थांबलं होतं, तरी लोकांनी ते पुन्हा सुरू केलं.

वीसच वर्षं का? विचार करा. विशीतला पोरगा हाताखाली शिकतो, चाळिशीत स्वतः काम करतो, साठीत दुसऱ्याला शिकवतो. लाकूड कुजतं, माणूस जातो, पण हातातली विद्या पुढच्या हातात गेलेली असते. देऊळ टिकतं ते त्यानं.

आता आपल्या घराकडे पाहू. देव्हारा संगमरवरी केला, लाइटिंग केली, छानच. पण काकड आरतीची चाल सुनेला येते का? नैवेद्याचं मंडल नातवाला काढता येतं का? आपल्या मंडळात जुन्या चाली येणाऱ्या आम्ही मोजक्याच उरलो, त्याही बहुतेक पन्नाशी-साठीच्या. "मुलांना वेळ नाही" असं आपण म्हणतो. पण आपण तरी त्यांच्या हातात ताट कधी देतो? चुकेल म्हणून आपणच पुढे होतो. चुकू द्या. पहिल्या दिवशी कोणाला आलंय?

म्हणून सर्वांना विनंती. येत्या गुरुवारी घरातल्या सर्वात लहान माणसाला आरतीला पुढे उभं करा, आपण मागे राहून टाळ धरा. गुरुपौर्णिमेपर्यंत प्रत्येकानं एक चाल, एक स्तोत्र किंवा एक सेवा एकाला तरी शिकवायची. परदेशी असलेल्यांना व्हिडिओ कॉलवर शिकवा.

सद्गुरूंनी आपल्याला दिलं ते आपल्यापाशी थांबू नये, एवढंच मागणं.

जय गुरुदेव.
— आम्ही सर्व सेवेकरी भगिनी, बालाघाट